मला घराबाहेर काढा, ही नम्र विनंती

थकलेलं भाडं मागायला येणाऱ्या घरमालकाला तोंड देता येतं. दार उघडायचं नाही, दिवा मालवायचा, खोकला दाबून धरायचा आणि जिन्यात गाठ पडलीच तर मोबाइल कानाला लावून कुणा काल्पनिक माणसाला "हो हो, पैसे आजच पाठवतो" असं सांगत खाली उतरायचं. आमच्या तोर्रेसाल्वात या विद्येत पारंगत असलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण भाडं न मागणाऱ्या घरमालकिणीशी कसं वागायचं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. एत्तोरे क्वारान्ताची सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

एत्तोरे म्हणजे हमरस्त्यावरच्या सोफ्यांच्या शोरूमचा मॅनेजर. म्हणजे, होता. ईस्टरच्या सुमाराला शोरूम बुडाली, मालक कुठेतरी उत्तरेला निघून गेला आणि जाताना शेवटच्या पगाराच्या बदल्यात एत्तोरेच्या घरी एक सोफा पाठवून गेला. तिघांनी बसायचा, पांढराशुभ्र, अस्सल कातड्याचा. शोरूमच्या काचेत सगळ्यात पुढे असायचा तोच. एत्तोरेच्या बायकोने, ओर्नेल्लाने, तो बाहेरच्या खोलीत प्लास्टिकसकट ठेवला आणि त्यावर बसायची सगळ्यांना बंदी केली. एत्तोरेलासुद्धा. आयुष्यभर लोकांना "बसून तर बघा" म्हणणारा हा गृहस्थ घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा. पुढे त्याला शेजारच्या गावात गाद्यांच्या दुकानात अर्ध्या दिवसाची नोकरी लागली. पण गाव त्याला मॅनेजरसाहेबच म्हणत राहिलं, आणि त्यानेही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

घरमालकीण चेलेस्तिना बाई, म्हणजे आमच्याकडच्या आदराच्या रीतीने दोन्ना चेलेस्तिना, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. ऐंशीच्या घरातली विधवा. एत्तोरे पहिल्यांदा भाड्याचं सांगायला गेला तेव्हा त्याने रात्रभर पाठ केलेलं भाषण तिने पहिल्याच वाक्याला तोडलं. "अरे पोरा, नोकरी गेली तुझी, माझी इमारत कुठे गेलीय? येतील तेव्हा दे." झालं. त्यानंतर तिने विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, कारण ती त्याऐवजी दर गुरुवारी वर एक ताट पाठवू लागली. तळलेल्या वांग्यांचे थर, मध्ये चीज, वर टोमॅटोचा रस्सा.

आता आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत. उपाशी राहतील, पण ताटात काहीतरी घालूनच पाठवतील. त्यामुळे ज्या घरात भाड्याला पैसे नव्हते, त्या घरातून दर आठवड्याला बदामाची बिस्किटं खाली जाऊ लागली. बदामाचा भाव काय आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना ओर्नेल्लाचं दुःख समजेल. "या बाईच्या चांगुलपणानं आपण भिकेला लागणार," असं ती बिस्किटं थापताना म्हणायची. एत्तोरे स्टुलावर बसून ऐकायचा.

ही गोष्ट वरच्या मजल्यावरच्या कोसिमोच्या कानावर गेली. कोसिमो रेल्वेतला निवृत्त तिकीट तपासनीस. नोकरीत असताना त्याने प्रवाशांना छळलं आणि निवृत्तीनंतर कोर्टाला. त्याने आजवर एका दंतवैद्यावर, एका कबुतरं पाळणाऱ्यावर आणि सख्ख्या मेव्हण्यावर दावे लावले होते. त्यातला एकही तो जिंकला नव्हता. पण हरण्यासाठीसुद्धा कायदा वाचावा लागतो, त्यामुळे इमारतीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

"मॅनेजरसाहेब, भाडेकरू म्हणजे काय रस्त्यावर पडलाय का?" जिन्याच्या कठड्याला रेलून कोसिमोने सुरुवात केली. "मालकाशी बसून हप्ते बांधून घेता येतात. दावा लागला तरी घाबरायचं नाही, पहिल्याच तारखेला जाऊन न्यायाधीशाकडे मुदत मागायची. मिळते! आणि सगळ्यात झकास म्हणजे नगरपालिकेचा निधी. निर्दोष थकबाकीदारांसाठी."

"निर्दोष?" एत्तोरेने विचारलं.

"म्हणजे ज्याचं भाडं स्वतःच्या चुकीशिवाय थकलंय. नोकरी गेली, आजारपण आलं. तुझ्यासारखा. पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात."

एत्तोरेला त्या निधीतल्या पैशांपेक्षा तो शब्दच जास्त आवडला. ईस्टरपासून आपण कुणीतरी गुन्हेगार आहोत असं त्याला वाटत होतं. आता सरकारच शिक्का मारून सांगणार होतं, की या माणसाचा काही दोष नाही. त्याने कोट चढवला, टाय लावला आणि निर्दोष व्हायला नगरपालिकेत गेला.

खिडकीमागे तेओदोरा नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी नोकरी गेल्याचं पत्र पाहिलं, उत्पन्नाचा दाखला पाहिला, मान डोलावली आणि हात पुढे केला.

"नोटीस?"

"कसली नोटीस?"

"घर खाली करण्याच्या दाव्याची."

"तसं काही नाही," एत्तोरे अभिमानाने म्हणाला. "आमच्या मालकीणबाई फार चांगल्या आहेत."

तेओदोराबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची अडचण काय आहे?"

"भाडं थकलंय."

"मागतंय का कुणी?"

"नाही."

"मग थकलंय कशावरून?"

तेओदोराबाईंनी चष्मा काढून त्याला समजावलं, की हा निधी घराबाहेर काढल्या जाणाऱ्या लोकांसाठी आहे, चांगली मालकीण मिळालेल्या लोकांसाठी नाही. "तुम्हाला कुणी काढतच नाहीये, साहेब. आधी काढायला लावा, मग या. आणि जरा लवकर काढायला लावा, पैसे संपले की खिडकी बंद." रांगेत मागे उभा असलेला एक जण, ज्याच्या हातात खरीखुरी नोटीस होती, एत्तोरेकडे इतक्या तुच्छतेने पाहू लागला की एत्तोरेची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याकडे संकट पुरेसं नाही म्हणून त्याला लाज वाटली.

दोन्ना चेलेस्तिना गॅलरीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. एत्तोरे समोर बसला, त्यानेही चार शेंगा सोलल्या आणि मग विषय काढला.

"दोन्ना चेलेस्तिना, तुमच्याकडे एक मागणं आहे."

"माग की. दुरुस्ती आहे का काही?"

"मला घराबाहेर काढा."

शेंगा सोलणारे हात थांबले. "काय केलंस तू?"

"काही नाही. भाडं दिलं नाही."

"ते मला माहीत आहे. पण काय केलंस?"

एत्तोरेने निधी, खिडकी, नोटीस, सगळं परोपरीने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि मग ती उभी राहिली. तिची उंची बसलेल्या एत्तोरेइतकीच होती, पण त्या क्षणी ती त्याला फार उंच वाटली.

"माझ्या बापानं बांधलेली इमारत आहे ही. लढाईच्या वेळी दोन इंग्रज अधिकारी इथं घुसले होते. न विचारता! माझ्या आईनं त्यांनासुद्धा बाहेर काढलं नाही, फक्त आंघोळ करायला लावली. आणि तू मला सांगतोस की तुझ्यावर दावा लाव? गावात तोंड कुठे लपवू मी? ऊठ. शेंगा ठेव खाली."

त्या गुरुवारी ताट आलं नाही.

शनिवारपर्यंत ही बातमी पावाच्या दुकानात पोचली होती. दुकानदारीण एत्तोरेच्या हातात पाव ठेवताना म्हणाली, "काय बोललात हो त्या म्हातारीला? तुमचं ताट बंद झालं म्हणे." एत्तोरेने सांगितलं, की मी तिला फक्त मला घराबाहेर काढायची विनंती केली. दुकानदारिणीने सुट्टे पैसे अगदी सावकाश, एकेक करून त्याच्या हातावर ठेवले. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाशी आमच्याकडे असंच वागतात.

शेवटी कोसिमोने मध्यस्थी केली. त्याने दोन्ना चेलेस्तिनाला गच्चीवर नेलं, गळणारा कोपरा दाखवला आणि म्हणाला, "हे पैसे एत्तोरेला नाही, तुम्हाला मिळणार. सरकारचे. म्हणजे तुमच्या माझ्या कराचे. सोडायचे का?" करांचा उल्लेख झाला की आमच्याकडचा संतमाणूससुद्धा विरघळतो. दोन्ना चेलेस्तिना तयार झाली, पण तिच्या दोन अटी होत्या. एक, गावात कुणाला कळता कामा नये. दोन, कागदात एत्तोरेबद्दल वाकडा शब्द येता कामा नये. गुरुवारचं ताटही पुन्हा वर येऊ लागलं.

कोर्टकचेरी तिच्याच्याने होणार नव्हती, म्हणून तिने भाच्याला बोलावलं. रुज्जेरो नाव. जुन्या किल्ल्याजवळ पर्यटकांना खोल्या भाड्याने देण्याचा त्याचा धंदा होता. उन्हाळ्यात पायात मोजे घालत नसे आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलत असे. तो वकील स्पान्योलेत्तींना घेऊन आला. दोन्ना चेलेस्तिनाने कामाचा सगळा अधिकार भाच्याच्या नावे लिहून दिला आणि वकिलांना सांगितलं, "लिहा, की एत्तोरे फार सज्जन आहे."

"बाई, हा दावा आहे. शिफारसपत्र नाही."

"मग लिहा, की त्याला घराबाहेर काढताना मला फार वाईट वाटतंय."

वकिलांनी एत्तोरेकडे पाहिलं. एत्तोरेने खांदे उडवले. प्रतिवादी स्वतः वादीशेजारी बसून कॉफी ओततो आहे, असा प्रसंग त्यांच्या वकिलीत बहुधा आला नव्हता. ते निमूटपणे लिहीत राहिले आणि म्हातारीने सांगितलेलं काहीच लिहिलं नाही.

पहिली अट तर त्याच संध्याकाळी मोडली. चेलेस्तिना मॅनेजरसाहेबांना बाहेर काढतेय, ही बातमी गावभर झाली आणि कोळणीने तिला शिळी मासळी दिली. चर्चमध्ये तिच्या शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर बसली. एत्तोरेला दारोदार हिंडून सांगावं लागलं, की बाबांनो, बाईंचा दोष नाही, मीच त्यांच्या मागे लागलो. लोकांनी यातून अर्थ काढला, की म्हातारीने त्याला धमकी दिलेली दिसते. "किती सोसतोय बिचारा," असं म्हणून त्यांनी तिला वाळीत टाकायचं काम आणखी जोमाने चालवलं.

नोटीस आली ती नेमकी टोमॅटोच्या दिवशी. ऑगस्ट सरताना आमच्याकडे अख्खी इमारत गच्चीवर जमते आणि वर्षभराचा टोमॅटोचा रस करून बाटल्या भरते. त्या दिवशी भांडणं बंद असतात, कारण कढई ढवळायला दोन माणसं लागतात. दोन्ना चेलेस्तिना आणि एत्तोरे एकाच लांब पळीला दोन्ही बाजूंनी धरून ढवळत होते. ओर्नेल्ला बाटल्या पुसत होती, कोसिमो सूचना देत होता. एवढ्यात घामाघूम झालेला कोर्टाचा बेलिफ जिना चढून वर आला.

"वादी चेलेस्तिना बाई कोण?"

"मी," दोन्ना चेलेस्तिना म्हणाली.

"प्रतिवादी क्वारान्ता?"

"मी," पळीच्या दुसऱ्या टोकाकडून एत्तोरे म्हणाला.

बेलिफने कागद पाहिला, पळी पाहिली आणि पुन्हा कागद पाहिला. "तुमचं एकमेकांशी पटत नाही ना?"

"मुळीच नाही," एत्तोरे घाईघाईने म्हणाला. "आमचा उभा दावा आहे."

"अरे, ढवळ नीट, तळाला लागेल!" वादी ओरडली. "आणि तुम्ही बसा हो साहेब. चार जिने चढून आलात. ओर्नेल्ला, यांना पाव दे, ताज्या रसात बुडवून."

बेलिफ बसला, जेवला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सरकारी नोकराला भेट घेता येत नाही, म्हणून निघताना त्याने आपली पिशवी उघडी ठेवून समुद्राकडे तोंड केलं. वळला तेव्हा पिशवीत दोन बाटल्या होत्या. एत्तोरेने नोटिशीवर सही केली तेव्हा तिच्यावर टोमॅटोचा अंगठा उमटला. घराबाहेर काढण्याच्या कागदाची पापी घेणारा माणूस त्या बेलिफने पहिल्यांदाच पाहिला असेल.

रुज्जेरोही त्या दिवशी गच्चीवर होता. त्याने टोमॅटोला हात लावला नाही. तो फक्त कठड्याशी उभा राहून समुद्र पाहत होता, मग खाली जाऊन एत्तोरेच्या गॅलरीतून पाहत होता. एत्तोरेला वाटलं, पोराला निसर्गाची आवड आहे.

तेओदोराबाईंनी या वेळी एत्तोरेचं हसून स्वागत केलं. नोटीस पाहून म्हणाल्या, "शाब्बास, आता तुम्ही खरे अडचणीत आहात. फक्त एक सही राहिली. मालकाची संमती, की पैसे मिळाले तर तुम्हाला राहू देणार." अधिकार भाच्याकडे होता, म्हणून एत्तोरे भाच्याकडे सही मागायला निघाला. तर भाचा त्याला त्याच्याच घरी भेटला. तो ओर्नेल्लाच्या गॅलरीची टेपने मापं घेत होता.

"संमती?" रुज्जेरोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅनेजरसाहेब, मी सही करणार नाही. इथं दोन खोल्या काढणार आहे, समुद्र दिसणाऱ्या. आत्याला कितीतरी वर्षं समजावत होतो, की भाडेकरू काढ. ऐकेचना. तुम्ही एका उन्हाळ्यात तिला तयार केलंत. तुमचे उपकार कसे फेडू, तेच कळत नाही मला."

"पण हे सगळं निधीसाठी होतं! नावापुरतं!"

"कोर्टात नावापुरतं काही नसतं. आणि आत्याला यातलं सांगू नका हं. ब्लडप्रेशर आहे तिला. काही झालं तर गाव तुम्हालाच बोल लावेल."

आता एत्तोरेने काय करायला हवं होतं? एक मजला उतरून म्हातारीला सांगायला हवं होतं. पण तो मॅनेजर पडला. ज्या माणसाने पाया पडून स्वतःवर दावा लावून घेतला, त्यानेच परत जाऊन आता तो काढा म्हणायचं, हे त्याच्या मानाला झेपेना. तो तीन वेळा तिच्या दारापर्यंत गेला आणि तीनही वेळा बेल न वाजवता पाव आणायला गेला. घरात पाव फार झाला.

ओर्नेल्ला मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "भाडं थकलं म्हणून लोकांची घरं जातात. मी लोकांना काय सांगू? माझ्या नवऱ्याने अर्ज करून घर घालवलं?" आणि मग ती पाठमोरी होऊन रडली, तेव्हा एत्तोरेला पहिल्यांदा खरी भीती वाटली. लग्नानंतर ते याच घरात राहायला आले होते. त्यांची मुलगी इथेच चालायला शिकली होती. दुसरं घर घ्यायचं तर आगाऊ भाडं, अनामत आणि पगाराची चिठ्ठी हवी. अर्ध्या दिवसाच्या गादीविक्यावर कोण विश्वास ठेवणार?

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. पावाची दुकानदारीण म्हणाली, तारखेला जाऊच नका, डॉक्टरकडून दाखला घ्या. कोळीण म्हणाली, कुलूप बदला. रांगेतल्या ज्या माणसाने त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं होतं, तो रस्त्यात भेटून म्हणाला, "अभिनंदन." कोसिमो या सगळ्यांवर खवळला. "गेला नाहीस तर न्यायाधीश तिथल्या तिथं शिक्का मारेल! कोट घाल, हजर राहा, मुदत माग. आणि तोंड उघडून बोल. मला वेड्याला वाटलं होतं, की तुला निदान सही कुणाकडे जाते एवढं बघता येईल."

"तूच म्हणालास, सगळ्यात झकास!"

"निधी झकास म्हणालो. तुला नाही म्हणालो."

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात निम्मं तोर्रेसाल्वा जमलं होतं. काहींच्या स्वतःच्या तारखा होत्या, बाकीचे मॅनेजरसाहेबांना बाहेर काढताना बघायला आले होते. दोन्ना चेलेस्तिनाही आली. रुज्जेरोने परोपरीने सांगितलं की तुझी गरज नाही, पण काळा पोशाख, मोत्यांची पिन आणि पर्स अशा थाटात ती आलीच. सरकार तिच्या गच्चीसाठी पैसे देणार होतं. आभार मानायला नको?

ती बाकावर ओर्नेल्लाच्या शेजारी बसली. ओर्नेल्लाच्या मांडीवर रुमालात बांधलेलं ताट होतं.

"हे काय? इथं कुठे ताट घेऊन आलीस?"

"तुमचंच आहे. गेल्या गुरुवारचं." ओर्नेल्लाने रुमाल सोडला. आत बदामाची बिस्किटं होती. "घर सुटायच्या आधी माणसाचं ताट परत केलेलं बरं."

"कुणाचं घर सुटतंय?"

"आमचं. आज."

"अगं, ते कागदापुरतं आहे. एत्तोरेनंच सांगितलंय मला."

ओर्नेल्लाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कोर्टाच्या छतावरचं रंगकाम पाहत होता. मग तिनेच सगळं सांगितलं. गॅलरीची मापं, समुद्र दिसणाऱ्या खोल्या, न झालेली सही. दोन्ना चेलेस्तिनाने एक बिस्कीट उचललं, चावून खाल्लं आणि ओठ पुसले. तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीशबाई तरुण होत्या आणि त्यांच्यासमोर कागदांचा ढीग होता. त्यांनी वर न पाहताच विचारलं, "थकबाकी कायम आहे?"

"कायम आहे," वकील स्पान्योलेत्ती म्हणाले.

एत्तोरे उभा राहिला. पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडात होतं. पण मागच्या बाकावरून आवाज आला.

"कोण म्हणतं?"

सगळं कोर्ट वळलं. दोन्ना चेलेस्तिना उभी होती.

"बाई, आपण कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"दावा माझा आहे. मी मालकीण. याचं काही थकलेलं नाही."

"आत्या!" रुज्जेरो म्हणाला.

"तू गप्प बस. आधी पायात मोजे घाल, मग कोर्टात बोल."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "भाडं मिळालं तुम्हाला? सगळं?"

म्हातारीने एकदा मागे वळून पाहिलं. पावाची दुकानदारीण होती, कोळीण होती, चर्चमध्ये बाक बदलणारी होती. सगळ्यांचे कान तिच्याकडे होते. "दर आठवड्याला माझं ताट भरून परत येतं या घरातून," ती मोठ्याने म्हणाली. "एकदाही रिकामं आलं नाही. अशी माणसं भाडं बुडवतात होय? मिळालं. सगळं मिळालं. लिहून घ्या."

न्यायाधीशबाईंनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी भाच्याकडे पाहिलं आणि भाच्याने घड्याळाकडे. थकबाकी नाही तर दावा नाही. पुढचा पुकारा झाला. व्हरांड्यात कोळणीने दोन्ना चेलेस्तिनाचा हात हातात घेतला आणि उद्यापासून ताजी मासळी द्यायचं कबूल केलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर एत्तोरेने तिचे आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हातारीने त्याला तिथल्या तिथे झाडलं.

"आभार ठेव तुझ्याकडे. ऐंशी वर्षं झाली मला, आज न्यायाधीशासमोर, कोर्टाच्या भिंतीवरच्या क्रॉसखाली उभं राहून खोटं बोलले. तुझ्यापायी! आता ते खरं करणं तुझं काम. आणि मला बेल वाजवून सांगायला काय झालं होतं तुला? जीभ शोरूममध्ये राहिली का?"

निधी तर गेलाच होता. थकबाकी नसलेल्या माणसाला निर्दोष ठरवायची सोय नगरपालिकेत नाही. घरी येऊन एत्तोरे स्टुलावर बसला आणि थकलेल्या भाड्याची बेरीज करू लागला. ओर्नेल्ला बाहेरच्या खोलीत गेली, सोफ्यावरचं प्लास्टिक हाताने एकदा सारखं केलं आणि परत येऊन म्हणाली, "रुज्जेरोला बोलाव. म्हणावं, सोफा विकायचाय."

रुज्जेरो रागातच आला. एत्तोरेने कोट चढवला होता. त्याने प्लास्टिक एका कोपऱ्यातून थोडंसंच उचललं आणि खाली सोडलं.

"पाहून घेतलंत ना? झालं तर. तुम्हाला नाही जमायचा हा."

"का नाही जमणार?"

"किल्ल्याजवळ तुमच्या खोल्यांत प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत म्हणे. हा तिथं शोभणार नाही. पर्यटक आधी फोटो बघतात, मग खोली घेतात. असा फोटो टाकणारा माणूस निराळा असतो. हात लावू नका हं, डाग पडेल."

रुज्जेरोने हात लावला. मग बसला. ईस्टरनंतर त्या सोफ्यावर बसलेला तो पहिला माणूस. एत्तोरे त्याच्याभोवती फिरत हळू आवाजात शिलाईबद्दल, लाकडाबद्दल, कातड्याबद्दल बोलत राहिला, आणि ओर्नेल्ला दारात उभी राहून आपल्या नवऱ्याकडे पाहत राहिली. हा माणूस खरोखरच मॅनेजर होता, हे ती मधल्या काळात विसरून गेली होती. रुज्जेरोने शोरूमच्या काचेत असतानाच्या चिठ्ठीवरची पूर्ण किंमत मोजली. निघताना त्याने पुन्हा एत्तोरेच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्याच आत्याचं थकलेलं भाडं आपण स्वतःच्या खिशातून भरलं, हे त्याला सोफा किल्ल्यापर्यंत पोचल्यावर कळलं म्हणतात.

पैसे त्याच दिवशी खाली गेले आणि म्हातारीचं खोटं एकदाचं खरं झालं. गच्चीचा कोपराही दुरुस्त झाला. कोसिमोने गवंड्यावर दावा लावला, ती गोष्ट वेगळी.

गुरुवारी ताट आलं. वांग्यांचे थर, मध्ये चीज. या वेळी बदामाला पैसे उरले नव्हते, पण गाद्यांच्या दुकानातला पगार झाला होता. एत्तोरेने ताट घासून पुसलं, त्यात चालू महिन्याचं भाडं ठेवलं, कडक, नव्या नोटा, आणि वर इस्त्रीचा रुमाल घातला. टाय नीट केला, एक मजला उतरला आणि या वेळी बेल वाजवली.

दोन्ना चेलेस्तिनाने रुमाल उचलला. नोटा पाहिल्या, मोजल्या, कमरेच्या खिशात घातल्या. मग ताट हातात धरून तिने एत्तोरेकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला कोर्ट बरं वाटलं.

"भाडं ठीक आहे, पोरा," ती म्हणाली. "पण ताट रिकामं आणलंस."